सोजराबाईच्या घराचा पुकारा

१८ जानेवारी १९७६

आले ते — ज्वारी दहा किलो, चौदा रुपये. गूळ एक किलो, दोन रुपये दहा पैसे. रॉकेल पाच लिटर, सहा रुपये, शिवाय अख्खी सकाळ रांगेत. चहा पाव किलो, साडेचार. दूर्वा आणि जास्वंद वीस पैसे — देवळापुढची माळीण आता पाकळ्या मोजून देते की काय! आणि संध्याकाळी दौलतराव. फुकट. बिस्किटे सात आणि चहा दोन कप, म्हणजे फुकटही नाहीच.

दौलतराव ह्यांचे कंपनीतले जुने सोबती. नोकरी सोडली, आता 'लिलाव करतात'. करतात म्हणजे सरकार जिथे कोणाचे काही विकत असेल तिथे जाऊन उभे राहतात. टेरिकॉटचा शर्ट, बगलेत रेक्झिनची पिशवी, अंगाला अत्तर असे की देवघरातली उदबत्ती गुदमरावी. "वहिनी, सध्या वसुलीचा जोर आहे! वरून हुकूम आहेत. ज्याने जमिनीचा सारा भरला नाही त्याचं विकून टाका! दहा हजारांचं घर दोन हजारांत. सरकारच विकतंय, मग आपण का लाजायचं?"

लाजायची गोष्ट त्यांनी काढली. मी काढली नव्हती.

हे ऐकत बसले होते, हातातला चहा गार होईपर्यंत. मग मलाच म्हणाले, "चहा गार दिलास."

१९ जानेवारी

घरमालक जयसिंगराव स्वतः जिना चढून आले तेव्हाच ओळखले. "ताई, अक्षय तृतीयेला थोरल्याचं लग्न काढलंय. तुमच्या खोल्या लागतील." चौदा वर्षे भाडे एक तारखेला दिले. एकदाही दोन तारीख होऊ दिली नाही. त्याचे बक्षीस — तीन महिने. वर म्हणतात, "तुमच्यासारखे भाडेकरू मिळायचे नाहीत." मग हाकलता कशाला?

ह्यांना सांगितले. "बघू," म्हणाले. ह्यांच्या तोंडातून 'बघू' काढून घेतले तर बाकी काही शिल्लक राहील असे वाटत नाही.

२० जानेवारी

अंगारकी. मोरयाच्या देवळात रांग पार नदीच्या पायऱ्यांपर्यंत. पुढची बाई नवऱ्याची बढती मागत होती, मागची मुलाला जावा मोटारसायकल. देवाला पगारी नोकर समजतात लोक. मी एवढेच म्हटले — छप्पर. बाकी काही नको. चंद्र उशिरा उगवला.

२५ जानेवारी, रविवार

आज तळवड्याला जाऊन दौलतरावांनी सांगितलेले लिलावाचे घर पाहिले.

देहूच्या गाडीने फाट्यावर उतरलो. दौलतराव स्कूटरवर आधीच पोचून पेरू खात उभे. रस्त्याला लागून पाच गुंठे, तीन खोल्या, वर कौले, मागे विहीर, शेवगा. बांधणारा ट्रकवर ड्रायव्हर होता. शेताच्या तुकड्यावर परवानगी न काढता घर बांधले, पुढे चहाचे दुकान थाटले. म्हणून सरकारने बिनशेती सारा लावला, वर दंड. ड्रायव्हर वारला. बायको सोजराबाई. सहा वर्षे तिने एक पैसा भरला नाही! थकबाकी सहाशे ऐंशी. आता जप्ती झाली, कचेरीचे कुलूप लागले, आणि बाई तोंड लपवून कुठल्या नातेवाइकाकडे निघून गेली.

घेणाऱ्यांना दाखवायचे म्हणून तलाठी कुलूप काढून देतात. आत गेले. फडताळ उघडले तर काय — सरकारच्या मागणीच्या नोटिसा खणांत अंथरलेल्या! नुसत्या अंथरल्या नाहीत, कडेला कात्रीने झालर कापलेली! वर पितळेचे डबे ओळीने. सहा वर्षांत सहा झालरी. अशा बाईची कीव करायची? सारा भरायला पैसे नाहीत, आणि भिंतीवर रेडिओ ठेवायची फळी आहे, तिच्यावर रेडिओचा चौकोन उमटलेला दिसतो. मला मॅट्रिकला गणितात पंचाहत्तर होते आणि माझ्या घरी अजून रेडिओ नाही. हिशेब असा करायचा असतो.

पण मधल्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला एक कोनाडा आहे. बरोबर देवाच्या मापाचा. खाली पाट मांडला की तोंड उगवतीला. मी तिथे जरा उभी राहिले. हे म्हणाले, "काय झालं?" काही नाही म्हटले.

परतताना दौलतरावांनी कायदा समजावला. बोली ज्याची, त्याने चौथा हिस्सा जागेवर भरायचा, बाकीचे पंधरवड्यात. महिनाभर थांबायचे. तेवढ्यात मालकाने थकबाकी आणि बोलीवर पाच टक्के भरले तर लिलाव रद्द, आपले पैसे पाच टक्क्यांसह परत. नाही भरले तर घर आपले. "आणि कोणीच बोलला नाही तर?" मी विचारले. "तर सरकारच एक रुपया बोलतं आणि स्वतःच्या नावावर घेतं. मग पडून राहतं वर्षानुवर्षं. कोणाच्या कामाचं नाही, वहिनी."

रुपयाला घर घेऊन पडू देणारे सरकार! आणि मला गुळाचा खडा परवडतो का ते आधी बघावे लागते.

४ फेब्रुवारी

माघी चतुर्थीची गर्दी, देवळात पाय ठेवायला जागा नाही. तशात ह्यांना आज पापपुण्य सुचले. जेवता जेवता म्हणतात, "विधवा बाईचं घर... कसं वाटेल ते?"

मी म्हटले, "आपण तिच्या हातातून ओढून घेतो आहोत का? लिलावाचे वरचे पैसे तिलाच मिळणार. सहा वर्षे देणे बुडवणारी ती, आणि पाप आपल्याला? आपण चौदा वर्षांत दूधवाल्याचे दूध तरी बुडवले? मग वैशाखात जायचे कुठे, ते सांगा. कंपनीच्या फाटकात संसार मांडायचा?"

"बघू."

"बघायचं नाही. बोलायचं. बारा तारखेच्या लिलावात."

पतपेढीच्या कर्जाचा अर्ज मीच लिहिला. सही तेवढी ह्यांची. तीसुद्धा भलत्याच ओळीवर करत होते.

१२ फेब्रुवारी

झाले! घर आपले! पण आनंदापेक्षा राग जास्त आहे.

हे चावडीत, मी समोर मारुतीच्या ओट्यावर, गावच्या बायकांत. दौलतराव लांब वडाखाली, स्कूटरवर. "तुम्ही आत नाही येत?" तर म्हणाले, "माझा चेहरा बघितला की भाव चढतो, वहिनी." स्वतःच्या चेहऱ्याबद्दल इतका गैरसमज मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

चावडीच्या पायरीवर बबनराव नावाचे एक म्हातारे तबक घेऊन उभे होते. तबकात सुपाऱ्या, अख्ख्या. येईल त्याच्या हातावर एक. "घ्या पाव्हणं, सुपारी घ्या." ह्यांनी घेतली, नमस्कार केला, खिशात टाकली. गावच्या लोकांनी सरळ गालात धरल्या. बायकांकडे तबक घेऊन आली ती कोण, तर आमच्या चिंचवडच्या बाजारात भाजी घेऊन बसते ती गवराबाई! तिनेही ओळखले.

"आक्का, तुमी हितं कुठं?"

"सहज आले." भाजीवालीला काय सगळे सांगायचे?

"लई बरं केलं. चार मान्सं जास्त असली म्हंजी बरं. घ्या, मारुतीच्या म्होरं घ्या."

घेतली. चांगली टणक, गोल, डाग नाही. असली सुपारी तोंडात घालून वाया कोण घालवील! पदराच्या गाठीला बांधली. देवाला होईल.

सर्कलसाहेब खुर्चीवर बसले. जाहीरनामा वाचला. "सरकारी रक्कम पंधराशे. बोला, कोण बोलतो?"

कोणी नाही. पन्नास-साठ माणसे आणि प्रत्येकाचा एक गाल फुगलेला. गोठ्यातल्या म्हशी रवंथ करताना निदान शेपूट तरी हलवतात! पुन्हा पुकारा केला. एक हूं की चूं नाही. मला हसू आले. म्हटले, काय हे गाव — कोणाच्या खिशात रुपया नाही आणि कोणाच्या अंगात धमक नाही. समोर सोने पडले आहे आणि हे सुपारी चोखत बसले आहेत!

मग हे उठले. "पंधराशे." आवाज असा की डब्यात उंदीर अडकला आहे. सगळ्या माना वळल्या. सर्कलसाहेब कागदावर काही लिहीत होते, लगेच बोलले नाहीत. तेवढ्या शांततेत ह्यांचा धीर सुटला आणि हे ओरडले — "एकवीसशे!"

कोणावर चढवले? स्वतःवर! चावडीत दुसरा बोलणारा माणूस नाही, आणि हे आपल्याच बोलीवर सहाशे चढवतात! सर्कलसाहेबांनी चष्मा काढून ह्यांच्याकडे बघितले. एक वार, दोन वार, तीन वार. संपले. सहाशे रुपये म्हणजे आमचे ह्या खोल्यांचे दीड वर्षाचे भाडे. विचारले तर म्हणतात, "सगळे माझ्याकडे बघत होते गं."

आणि नंतरचा प्रकार! सगळे उठले, एकेक करून पायरीवर आले, आणि तोंडातली सुपारी ह्यांच्या पुढ्यात थुंकली. प्रत्येकाने. एक तर ह्यांच्या चपलेवर पडली. बबनरावांनी उरलेले तबक पालथे घातले. काय ही घाणेरडी रीत! मी गवराबाईला "येते हं" म्हटले तर तिने पाठ फिरवली.

वडाखाली दौलतराव खुशीत होते. "एकवीसशेसुद्धा मातीमोल आहे, वहिनी! पेढे काढा."

पेढे नाही काढले. घरी येऊन सुपारी स्वच्छ धुतली. देवातली जुनी सुपारी किडली होती, ती तुळशीत घातली आणि ही नवी तांदळावर मांडून गणपतीचे आवाहन केले. कुंकू, अक्षता, दूर्वा. विकतचे दहा पैसे वाचले. सहाशेतले तेवढेच परत मिळाले म्हणायचे.

१३ फेब्रुवारी

ह्यांनी कंपनीत सगळ्यांना सांगितले. बोली किती झाली तेवढे मात्र सांगितले नाही. एवढी अक्कल आहे.

२२ फेब्रुवारी

बाकीचे पैसे परवा भरले. आज पडदे किती लागतील ते बाहेरूनच अंदाजाने बघावे म्हणून तळवड्याला गेलो. ताबा अजून नाही, कुलूप कचेरीचेच.

फाट्यावरच्या चहावाल्याने आम्हाला पाहून किटली खाली उतरवून ठेवली. "चहा न्हाई." किटलीतून वाफ येत होती! हापशावर एक बाई होती, तिला प्यायला पाणी मागितले तर हंडा उचलून चालती झाली, अर्धाच भरलेला. दुकानात काड्याची पेटी मागितली, दुकानदार आमच्याकडे बघून न बघितल्यासारखा.

मत्सर! दुसरे काय? स्वतः हिंमत केली नाही, आता दुसऱ्याने केली तर पोटात दुखते. हे म्हणाले, "इथे राहायचं कसं?" मी म्हटले, "मी चौदा वर्षे जयसिंगरावांच्या बायकोशेजारी राहिले. मला कोणाची भीती घालू नका."

येताना त्या कोनाड्याचे माप मनात धरून आले. दीड वीत बाय एक वीत असावे. बारका पितळी दिवा मावेल.

२८ फेब्रुवारी

आज बाजारात तमाशा झाला. माझा.

गवराबाईकडे मेथी चांगली होती. दोन जुड्या उचलल्या. तिने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि पाटीत परत ठेवल्या.

"न्हाई द्यायची."

"का? रोख देते. आजपर्यंत कधी उधार नेली आहे?"

"पैसं नकोत मला तुमचं. सुपारी घेतली व्हती का न्हाई तुमी? मारुतीच्या म्होरं, माज्या हातनं?"

"घेतली. मग?"

"मग काय! सुपारी घेतली त्यानं बोली करायची न्हाई. शेंबड्या पोराला म्हाईत हाय आमच्या गावात. कुणाच्या घराचा पुकारा झाला की समद्यांनी सुपारी धरायची आन् गप बसायचं. कुणी बोललं न्हाई म्हंजी सरकार रुपयाला घेतं. घेऊ द्या! घर कुठं पळून जातं? मालकानं थकलेलं भरलं की सरकार ज्याचं त्याला माघारी देतं. धा-बारा वर्सांपत्तूर देतं. चैतात कांदं निघालं की घरटी वर्गणी काढून भरणार व्हतो आमी. पल्याडच्या साली सुताराचं असंच सोडवलं."

"मग आधीच का नाही भरलं? सहा वर्षे काय झोपला होता?"

"सोजरीनं कुणाला सांगितलं तर ना! कागुद आला की फडताळात, कागुद आला की फडताळात. वाचाया येतंय कुणाला तिला? जप्तीचं कुलूप लागलं तवा गावाला कळलं. आन् तवा कांदा व्हता पातीएवढा. कांदं काय तुमच्या नळाला येत्यात व्हय, आक्का?"

बाजारातल्या बायका हसल्या. मी म्हटले, "आम्हाला कोणी सांगितलं नाही, सुपारीचा अर्थ काय ते."

"मला वाटलं आक्का सोजरीसाठी आल्या. शिकल्या-सवरल्या हायत, देवाधर्माच्या हायत. म्या घरी जाऊन सांगितलं बी तसं." मग हळू म्हणाली, "आता महिन्याच्या आत भरायचं म्हंत्यात. कुठनं भरावं? मंचरला भाचीकडं बसलीया ती, भाचीच्या नवऱ्याचं सायकलीचं दुकान हाय स्टँडाम्होरं. अन्न खाईना म्हंत्यात."

मेथी दुसरीकडून घेतली. पंधरा पैसे जास्त पडले, आणि पाने पिवळी.

रात्री ह्यांना सांगितले. म्हणाले, "तरीच थुंकत होते सगळे." एवढेच! थुंकण्याचे कोडे सुटल्याचे समाधान.

सुपारीवर कायदा चालतो का? कचेरीत शिक्का चालतो. असल्या गावच्या अडाणी रीती आम्ही ओळखायच्या तरी कशा? आम्ही मिरजेकडचे. आमच्याकडे सुपारी पानात घालून खातात.

हे सगळे खरे आहे. पण सकाळी त्याच सुपारीला मी स्नान घातले.

२९ फेब्रुवारी

देवळातल्या गुरुजींना विचारले, नाव-गाव न सांगता. एका बाईने एक सुपारी एका शब्दापोटी घेतली, शब्द मोडला, आणि त्याच सुपारीत गणपती बसवला, तर काय?

गुरुजींनी पुरते ऐकलेसुद्धा नाही. "आवाहन झालं की ती सुपारी राहिलीच नाही. देव झाला. कोणी कशासाठी दिली ते देव बघत नाही. चार आणे ठेवा आणि निर्धास्त व्हा."

चार आणे ठेवले. उचलून कनवटीला लावताना त्यांनी नाणे घासून बघितले, खोटे तर नाही!

देव बघत नाही म्हणे. मग संकष्टीला मी चंद्र उगवेपर्यंत उपाशी बसते ती कोणापुढे? चार आण्यांत फिटणारा दोष असता तर मी कधीच विचारायला गेले नसते. सगळ्या आयुष्यात मी स्वस्त वस्तू ओळखायला शिकले. ही फार स्वस्त आहे.

२ मार्च

दौलतराव पेढे घेऊन आले. स्वतः! तेव्हाच समजले की काहीतरी विकायचे आहे.

"वहिनी, नशीब काढलंत! शेड टाकायला जागा शोधणारी पार्टी आहे. नऊ हजार रोख. महिना भरला, कागद हातात आला की दुसऱ्या दिवशी व्यवहार. घर पाडून टाकतील, त्यांना घर नको, रस्ता हवा. तुमचे घातलेले पैसे आधी काढून घ्या, नफा निम्मा निम्मा."

"आम्ही राहायला घेतलं आहे."

"त्या गावात? तुम्हाला पाणी तरी देतात का कोणी?" आणि हसले. म्हणजे दौलतरावांना सगळे ठाऊक.

मी विचारले, "सुपारीचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"म्हणून तर वडाखाली थांबलो! एकदा घेतली होती मी, दुसऱ्या गावी. तीन महिने स्कूटर तिकडून नेता येत नव्हती. त्यांची गंमत आहे हो ती. आपण शिकलेली माणसं."

"मग ह्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ज्ञानदेवराव बोलले असते का?" आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

हे काय म्हणाले असतील? पेढा तोंडात होता. गिळून म्हणाले, "साडेतीन हजारांच्या आसपास सुटतील गं. त्यात दुसरीकडे कुठेतरी... बघू."

पेढे मी देवापुढे ठेवले नाहीत. ह्यांनीच संपवले.

३ मार्च

दौलतराव निदान उघड हलकट आहेत. अत्तर लावतात, वास येतो. माझे तसे नाही. मी नेमाने उपास करणारी, एक तारखेला भाडे देणारी, म्हणून मला बघून गवराबाईने तबक पुढे केले.

ह्यांनी विचारले, "बरं नाही का?" म्हटले, बरे आहे.

५ मार्च

सकाळीच कार्ड टाकले. लिहिले ते असे:

सोजराबाई यांस, मुक्काम मंचर, एस.टी. स्टँडसमोर, सायकलचे दुकान. कार्ड वाचून दाखवणाऱ्याने सावकाश, दोनदा वाचावे.

तुमची माझी ओळख नाही. तुमचे घर लिलावात घेतले ते आम्ही. सहा वर्षे सारा न भरणाऱ्या माणसाविषयी माझे जे मत आहे ते आहे, ते बदलले म्हणून हे लिहीत नाही. काल पुण्याला कचेरीत जाऊन विचारून आले. तेरा मार्चच्या आत थकबाकी आणि बोलीवरचे पाच टक्के भरले की लिलाव रद्द होतो. दोन्ही रकमा मी माझ्या पोस्टातल्या खात्यातून काढून आणल्या आहेत. पण अर्ज मालकाचाच लागतो, अंगठा तुमचाच चालतो, माझा चालत नाही. कांदे निघाल्यावर गावाने वर्गणी करून मला फेडावे. व्याज नको. पाच टक्के फिरून आमच्याच घरी येणार, ते मी वजा करीन. पावतीशिवाय मात्र पैसा देऊ-घेऊ नये. यजमानांना अजून सांगितलेले नाही, तुमचा अंगठा झाल्यावर सांगेन. घर मला हवे होते. अजून हवे आहे. म्हणून उशीर करू नका. पुण्याला कोणत्या गाडीने येता ते उलट टपाली कळवावे.